काळा-पांढरा सह्याद्री: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गडावर ट्रायपॉड उघडला की पाचव्या मिनिटाला कोणीतरी मागून स्क्रीनमध्ये डोकावतं आणि विचारतं, दादा कॅमेरा बिघडलाय का, कलर येत नाहीये. पहिली काही वर्षं मी समजावून सांगायचो, आता हसतो आणि बाटली पुढे करतो. पण खरंच शिकायचंय म्हणून विचारणारेही असतात आणि त्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून टाकलं. काही उत्तरं लांबलीत, ते विषय माझ्या आवडीचे आहेत असं समजा.

एवढा छान रंगीत निसर्ग समोर असताना ब्लॅक अँड व्हाइट कशाला?

कारण आपला सह्याद्री मुळातच काळा आहे हो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचत गेले आणि त्यातून हा बेसॉल्ट तयार झाला, त्यामुळे कुठलाही कडा बघा, आडव्या पट्ट्या दिसतात, मधेच कोरल्यासारखी पायरी, मधेच ढासळलेला बुरूज. ह्या पट्ट्या, भेगा, सावल्या हेच त्याचं रूप आहे. रंगीत फोटोत डोळा आधी हिरव्याकडे किंवा निळ्या आभाळाकडे पळतो, कडा मागे राहतो. रंग काढला की कडा पुढे येतो, एवढं साधं कारण आहे. बाकी "टाइमलेस लुक" वगैरे लोक म्हणतात, म्हणोत बापडे.

म्हणजे फसलेला कलर फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला की वाचतो?

नाही वाचत. ढगाळ दुपारी काढलेला सपाट फोटो करडा केला की करडा सपाट फोटो मिळतो. रंग बरेचदा वाईट प्रकाशाला सांभाळून घेतो, करड्यात ती सोय संपते, म्हणून उलट ब्लॅक अँड व्हाइटला प्रकाश जास्त नीट लागतो. अपवाद एकच, व्हाइट बॅलन्सचा घोळ झालेला, म्हणजे रंगच पिवळट-निळट आलेला फोटो, तो खरंच वाचतो कधीकधी.

कुठला सीझन सगळ्यात चांगला? पावसाळाच ना?

इथे माझं आणि सगळ्या जगाचं भांडण आहे. माझं उत्तर मार्च ते मे. होय, ज्या दिवसांत लोक कॅमेरा कपाटात ठेवतात आणि सह्याद्री "बघण्यासारखा नाही" म्हणतात तेच दिवस.

बघा, पावसाळ्यात सगळं हिरवं असतं. गवत हिरवं, झाडं हिरवी, शेवाळलेला दगड हिरवा. डोळ्याला भारी वाटतं पण करड्यात उतरवलं की ह्या सगळ्या हिरव्यांचा जवळपास एकच करडा होतो आणि फोटोचा गिलावा होतो अक्षरशः. दिवाळी उलटली की गवत पिवळं पडायला लागतं, मार्चपर्यंत तर पार फिकट होतं, आणि पिवळं गवत करड्यात जवळजवळ पांढरं करता येतं. आता चित्र बघा, पांढऱ्या गवताच्या उतारातून वर आलेला काळा कातळ. कॉन्ट्रास्ट समोर तयार उभा आहे, तुम्हाला काही करायचंच नाहीये. त्यात पानगळ झालेली झाडं, म्हणजे आकाशावर नुसत्या फांद्यांचं रेखाटन. वणवा लागून गेलेला उतार दिसला तर तो अजून काळा (वणवे लागू नयेत हे वेगळं सांगायला नको, पण लागून गेलेला असेल तर त्याचा फोटो काढायला हरकत नाही).

आणि मे महिन्याचा दुसरा पंधरवडा तर विचारूच नका. दुपारी तीनला आभाळ कोरं, साडेचारला वळिवाचे ढग फुलकोबीसारखे वर चढलेले, त्यांची खालची बाजू शाईसारखी आणि डोकं उन्हात पांढरंशुभ्र. असं आभाळ जुलैमध्ये नाही मिळत, जुलैत आभाळ म्हणजे ओली गोधडी. फक्त विजा चमकायला लागल्या की ट्रायपॉड घेऊन पठारावर हिरोगिरी करू नका, मुकाट्याने खाली या.

मग पावसाळ्यात काय घरी बसायचं?

नाही हो, पण वेगळं शोधायचं. पावसाळ्याची खरी देणगी हिरवं गवत नव्हे, धुकं आणि ओला दगड. धुकं मागचा सगळा पसारा पुसून टाकतं, एक झाड किंवा एक सुळका तेवढा उरतो. आणि बेसॉल्ट ओला झाला की त्याला चमक येते, पाण्याचे ओघळ पांढरे उठतात. कड्याजवळ जाऊन फक्त दगड आणि पाणी भरा फ्रेममध्ये, गवत शक्यतो बाहेर ठेवा. नाणेघाटात वारा जोरात असला की धबधबा उलटा वर उडतो, ते पांढरे तुषार काळ्या भिंतीसमोर पकडायला मजा येते, पण तिथे लेन्स पुसता पुसता हात दुखतात. चार सुती रुमाल न्या, मायक्रोफायबरचं एकच फडकं दहा मिनिटांत ओलं होऊन निरुपयोगी होतं.

घरी आल्यावर कॅमेरा बॅगेतच ठेवून झोपू नका. पंख्याखाली वाळवा, मग सिलिका जेल टाकलेल्या हवाबंद डब्यात. लेन्समधली बुरशी मी एकदा भोगली आहे, अख्खा सप्टेंबर त्या लेन्सने धुकं नसताना धुकं दाखवलं.

कॅमेऱ्यात मोनोक्रोम मोड लावायचा की नंतर कॉम्प्युटरवर करायचं?

दोन्ही. रॉ फॉरमॅट, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, ठेवा आणि पिक्चर स्टाइल मोनोक्रोम करा. मग स्क्रीनवर तुम्हाला करडं दिसतं पण फाइलमध्ये रंगाची सगळी माहिती शाबूत राहते, आणि ती पुढे लागणारच आहे. नुसता जेपेग मोनोक्रोममध्ये काढलात तर कॅमेऱ्याने जे ठरवलं ते ठरवलं, परत फिरता येत नाही. मिररलेस असेल तर व्ह्यूफाइंडरमध्येच करडं जग दिसतं आणि महिनाभरात तुमचा डोळा बदलतो, हे मी कितीही सांगितलं तरी करून बघितल्याशिवाय पटणार नाही.

फक्त ब्लॅक अँड व्हाइटच काढणारे कॅमेरेही आहेत, लायकाने २०१२ मध्ये एम मोनोक्रोम आणला, पेंटॅक्सने २०२३ मध्ये के-३ मार्क ३ चा मोनोक्रोम काढला. त्यांच्या सेन्सरवर रंगाची जाळीच नसते त्यामुळे बारीक तपशील जास्त येतात. किंमत बघून मी परत माझ्या जुन्या डीएसएलआरवर प्रेम करायला लागलो.

लाल, पिवळे, नारिंगी फिल्टर अजून लागतात का?

फिल्मवर काढत असाल तर लागतात, डिजिटलला नाही. नियम सोपा आहे, फिल्टर आपल्या रंगाची वस्तू उजळ करतो आणि विरुद्ध रंगाची गडद. पिवळ्याने निळं आभाळ जरासं खाली येतं, नारिंगीने चांगलंच, लालने रात्र झाल्यासारखं. बदल्यात प्रकाश जातो, पिवळ्याला साधारण १ स्टॉप, नारिंगीला २, गडद लालला ३ (एक स्टॉप गेला म्हणजे प्रकाश निम्मा झाला).

ह्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या निसर्ग फोटोग्राफरचं, अॅन्सेल अॅडम्सचं. १९२७ च्या एप्रिलमध्ये तो योसेमिटीतल्या हाफ डोमसमोर उभा होता, फिल्मच्या जागी वापरायच्या काचेच्या प्लेटा संपत आलेल्या. पिवळा फिल्टर लावून एक काढला आणि लगेच लक्षात आलं की आपल्याला जो कडा आतून जाणवतोय तो हा नव्हे, म्हणून शेवटच्या प्लेटवर गडद लाल फिल्टर लावून परत काढला, आभाळ जवळपास काळं आणि कडा उजळ. फोटो काढायच्या आधी प्रिंट डोक्यात बघणं हे जे तो पुढे आयुष्यभर शिकवत राहिला ते तिथून सुरू झालं.

डिजिटलमध्ये हेच काम लाइटरूम, डार्कटेबल असल्या सॉफ्टवेअरमधल्या रंगांच्या स्लायडरने होतं. निळा खाली ओढा, आभाळ गडद. पिवळा वर न्या, आपलं उन्हाळी गवत पेटतं आणि कातळ जागचा हलत नाही कारण त्याला रंगच नाही. अजून एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली, झाडाची पानं उजळ करायला हिरवा स्लायडर हलवत बसू नका, पानांत पिवळा इतका असतो की बरंचसं काम पिवळ्या स्लायडरनेच होतं.

लांबच्या डोंगररांगा धुरकट येतात, त्याचं काय?

आधी ठरवा की तो धुरकटपणा हवाय की नकोय. हवेत विखुरलेला प्रकाश निळसर असतो, म्हणून लाल फिल्टर किंवा खाली ओढलेला निळा स्लायडर रांगा जवळ आणतो. पण उन्हाळ्यातला धुरळा जाड असला की तो लालनेही फारसा कापला जात नाही. मी तर उलटं करतो, निळा वर नेतो. मग पहिली रांग काळी, दुसरी करडी, तिसरी त्याहून फिकी, असं पाच सहा पदर पडतात. रायलिंग पठारावरून संध्याकाळी लिंगाण्याकडे बघा, सूर्य लिंगाण्याच्या मागे उतरतो, सुळका काळा ठिक्कर आणि मागे रायगडापर्यंत फिके पडत गेलेले पदर. सकाळी त्याच जागी ऊन तुमच्या पाठीमागून येतं आणि लिंगाणा पासपोर्ट फोटोसारखा दिसतो.

झोन सिस्टीम म्हणजे काय? शिकावीच लागते का?

अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास बसवलेली पद्धत आहे. पार काळ्यापासून पार पांढऱ्यापर्यंत ११ पायऱ्या, ० ते १०, मधली ५ वी म्हणजे मधला करडा. गंमत अशी की तुमचा लाइट मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा, अडाणी आहे, त्याला काहीही दाखवा तो त्याला ५ व्या पायरीवर आणून बसवतो. काळ्या कातळावर मीटर धरलात तर कातळ करडा येणार, पांढऱ्या ढगावर धरलात तर ढग करडा. म्हणून मीटरला विचारायचं आणि मग स्वतः ठरवायचं, हा कातळ मला ३ ऱ्या पायरीवर हवा म्हणजे मीटर सांगतो त्यापेक्षा २ स्टॉप कमी. बस, गाभा एवढाच.

डिजिटलवर हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत काळं-पांढरं किती ते दाखवणारा आलेख, असतो त्यामुळे ११ पायऱ्या पाठ करायची गरज नाही, पण एक लक्षात ठेवा, डिजिटलवर ढगाची कड जळली की गेली, परत येत नाही, म्हणून उजळ भाग सांभाळा, सावल्या नंतर वर काढता येतात. निगेटिव्ह फिल्मवर बरोब्बर उलटं, सावलीला पुरेसा प्रकाश द्या, उजळ भाग डेव्हलप करताना सांभाळता येतो. डिजिटलवरून फिल्मकडे गेलेली पोरं पहिले दोन रोल इथेच घालवतात.

फिल्मवरच करायचं असेल तर काय घेऊ? घरी धुता येते का?

इलफर्ड एचपी ५ प्लस घ्या. ४०० स्पीडची आहे (स्पीड म्हणजे प्रकाश टिपायची क्षमता), चुका पोटात घालते. एकेकाळी आपल्याकडे उटीच्या सरकारी कारखान्याची "इंदू" फिल्म मिळायची, आता सगळं बाहेरून येतं आणि महाग पडतं, त्यामुळे ३६ फ्रेमचा रोल मी दोन ट्रेक पुरवतो आणि त्याने फोटो सुधारले माझे.

घरी धुता येते, न्हाणीघर अंधारं केलं की झालं, किंवा चेंजिंग बॅग, म्हणजे हात घालून काम करायची काळी पिशवी. खरी अडचण तापमान. डी-७६ सारख्या डेव्हलपरचे, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाचे, सगळे वेळ २० अंशाला दिलेले असतात, एचपी ५ ला साडेसात मिनिटं, आणि आपल्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात चहाला ठेवल्यासारखं येतं. गरम डेव्हलपरमध्ये वेळ कमी करत बसलात तर पाच मिनिटांच्या खाली फिल्म एकसारखी डेव्हलप होत नाही, डाग पडतात. मी रसायनांच्या बाटल्या बादलीत उभ्या करतो आणि बादलीत बर्फाच्या पिशव्या टाकतो, धुवायचं पाणीही आदल्या दिवशी फ्रिजमध्ये. आई विचारते फ्रिजमध्ये भाजी ठेवायची का नाही. आणि हायपो म्हणजे फिक्सरची (उमटलेलं चित्र पक्कं करणाऱ्या रसायनाची) बाटली लेबल लावून वेगळी ठेवा, त्याचा एक थेंब डेव्हलपरमध्ये गेला तर पुढच्या रोलची खात्री नाही.

आभाळ गडद केलं की त्यात दाणे आणि डोंगराच्या कडेला पांढरी रेघ येते. का?

कारण निळा स्लायडर फार ओढलात. उणे ३०, ४० पर्यंत ठीक, उणे १०० ला नेला की आभाळात नॉइज उकरून निघतो आणि जिथे निळं संपून डोंगर सुरू होतो तिथे ती रेघ येते. थोडं निळ्याने, थोडं ग्रॅज्युएटेड फिल्टरने (वर गडद, खाली फिका होत जाणारा), असं वाटून करा. आणि मुळात आभाळ निळं असेल तरच हे चालतं, पांढऱ्या आभाळात निळा नाहीच तर ओढणार काय.

धबधबा दुधासारखा कसा करायचा?

एनडी फिल्टर, म्हणजे रंग न बदलता फक्त प्रकाश कमी करणारी काळपट काच, आणि ट्रायपॉड. पण माझं ऐकाल तर फार दूध करू नका. पाव ते अर्ध्या सेकंदात पाण्याच्या दोऱ्या दिसतात, धार कुठे दगडावर आपटते ते कळतं. १० स्टॉपचा फिल्टर प्रकाश हजारपट कमी करतो, तो धबधब्यापेक्षा समुद्राला बरा. हरिहरेश्वरच्या खडकांवर भरती उतरताना दोन मिनिटांचं एक्स्पोजर दिलं की लाटांचं धुकं होतं आणि खडक तेवढे राहतात. तिथे लाटेकडे पाठ करू नका, दरवर्षी कोणीतरी करतं.

इन्फ्रारेड म्हणजे ते पांढऱ्या पानांचे फोटो ना?

हो. पानं इन्फ्रारेड प्रकाश भरपूर परत फेकतात म्हणून झाड बर्फ पडल्यासारखं पांढरं येतं, आभाळ काळं. रॉबर्ट वूड नावाच्या शास्त्रज्ञाने १९१० मध्ये असे फोटो छापले, म्हणून त्याला वूड इफेक्ट म्हणतात, लाकडाशी काही संबंध नाही. ७२० नॅनोमीटरचा फिल्टर लावून साध्या कॅमेऱ्यावरही येतं पण कॅमेऱ्याच्या आतला फिल्टर इन्फ्रारेड अडवतो, त्यामुळे भर उन्हातही एक्स्पोजर सेकंदांत जातं. एखादा जुना कॅमेरा त्यासाठी मॉडिफाय करून घेतलेला बरा. आणि इथे मला शब्द मागे घ्यावे लागतात, ज्या हिरव्या पावसाळ्याला मी वर नावं ठेवली तो इन्फ्रारेडमध्ये कमाल दिसतो, सप्टेंबरमध्ये ऊन पडलेल्या दुपारी घेऊन जा.

कासची फुलं, इंद्रवज्र वगैरे?

कलरमध्ये काढा. हट्ट नको. जांभळी कारवी करड्यात काढणं म्हणजे पुरणपोळीतून गूळ काढणं. कोकणकड्यावरचं ते गोल इंद्रधनुष्य, कर्नल साइक्सने १८३५ साली ज्याची नोंद केली असं प्रत्येक ट्रेकर सांगतो, ते मला एकदाच दिसलं आणि कॅमेऱ्यात फिल्म होती एचपी ५. फोटोत ढगावर एक पांढुरकं कडं आहे, बघणारे विचारतात हे काय, डाग पडलाय का.

सुरुवातीला कुठे जाऊ?

निघोजला जा, उन्हाळ्यात. कुकडी नदीच्या पात्रात पाण्याने आणि गोट्यांनी कोरलेले रांजणखळगे आहेत, पाणी कमी असतं तेव्हा पूर्ण दिसतात, नुसत्या वळणं आणि सावल्या. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर, तिरपं ऊन हवं. काठ गुळगुळीत आहेत, ट्रायपॉडचे पाय बघून रोवा. विदर्भातले असाल तर ताडोबासारखं कोरडं जंगल उन्हाळ्यात बघा, कांडोळ म्हणजे भुत्याची झाडं, पांढऱ्या सालीची, पान एकही नाही, आणि शेजारी ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल. वाघ दिसला नाही म्हणून जिप्सीतले सगळे तोंड पाडून बसतात तेव्हा मी झाडांचे फोटो काढत असतो. बाकी कुठेच जायला जमत नसेल तर घराजवळचा एक वड पकडा आणि वर्षभर काढा.

प्राणी-पक्षी ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चालतात का?

हत्ती, रानगवा, पाणकावळे, बगळे चालतात. खंड्या नाही. चेन्नईचे एम. कृष्णन (१९१२ ते १९९६) यांनी आयुष्यभर जंगल ब्लॅक अँड व्हाइटमध्येच टिपलं, तेही जुळवाजुळव करून बनवलेल्या कॅमेऱ्यांवर. त्यांचे हत्ती बघा म्हणजे कातडीच्या सुरकुत्या काय असतात ते कळेल.

स्पर्धेत पाठवायचे तर काही नियम?

फियाप किंवा पीएसए ह्या फोटोग्राफी संघटनांच्या नियमांवर चालणाऱ्या सलोनमध्ये, म्हणजे स्पर्धा-प्रदर्शनात, नेचर विभागात पूर्ण करडा केलेला फोटो चालतो. इन्फ्रारेड चालत नाही. मोनोक्रोम विभागात सगळ्या फोटोला एकच टोन, म्हणजे सेपिया वगैरे, चालतो, पण करड्या फोटोत फक्त पळसाचं फूल केशरी ठेवलं तर तो कलर धरला जातो. आणि तसाही तो प्रकार कृपा करून करू नका.

प्रिंट हिरवट येतात, लॅबवाला म्हणतो तुमची स्क्रीन खराब आहे.

स्क्रीन नसते खराब. साध्या लॅबमध्ये ब्लॅक अँड व्हाइट फोटोही रंगीत कागदावरच छापतात, तीन रंग मिसळून करडा बनवतात, मशीन जरा इकडेतिकडे झालं की करड्यात हिरवट नाहीतर जांभळट झाक येते. माझे एकदा १२ बाय १८ चे सहा प्रिंट असे आले की सगळे कडे मेंदीत बुडवल्यासारखे. चांगल्या इंकजेटवर मॅट किंवा बरायटा कागदावर काढा, आधी एक छोटा टेस्ट प्रिंट मागा आणि तो दिवसा खिडकीशी नेऊन बघा, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नाही.

मोबाइलवर होतं का?

होतं. मोबाइलमध्ये रॉ असेल तर लावा, एडिटिंगसाठी स्नॅपसीड अॅप फुकट आहे. फक्त तो "ड्रामा" फिल्टर लावू नका, त्याने प्रत्येक ढग जळलेल्या पापडासारखा होतो.

जुन्या लोकांनी एवढी अवजड साधनं घेऊन कसं केलं असेल?

हमालांच्या जिवावर. सॅम्युअल बोर्न हा इंग्रज फोटोग्राफर १८६३ मध्ये भारतात आला आणि १८६६ मध्ये हिमालयातल्या मणिरंग खिंडीत, साधारण १८,६०० फुटांवर, काचेच्या प्लेटांवर फोटो काढले. ती प्लेट ओली असतानाच फोटो काढून तिथेच तंबूत धुवावी लागायची. आणि त्या प्लेटांना निळा प्रकाश फार आणि लाल जवळजवळ दिसायचाच नाही, म्हणून त्या काळच्या निसर्गचित्रांत आभाळ बहुतेक वेळा कोरं पांढरं असतं. पुढच्या वेळी लाल फिल्टर घरी विसरलात की बोर्नची आठवण काढा.

मे महिन्यात गडावर जायचं म्हणताय, पाणी किती न्यायचं?

माणशी चार लिटर, टाक्यांच्या भरवशावर राहू नका. पहाटे पाचला चढायला लागा, नऊपर्यंत शूटिंग उरका, मग गुहेत नाहीतर देवळात झोपा, चारला परत बाहेर. टोपी, मीठ-साखर, आणि ट्रायपॉड शक्यतो कार्बन फायबरचा, अॅल्युमिनियमचा दुपारी हातात धरवत नाही.